अकाका, अर्ध्या मैलाची फेरी

होनोमू गावात पावाचा वास
आणि उसाच्या मळ्यांच्या काळातली पत्र्याची दुकानं.
तिथून डोंगराकडे वळलं की
उसाच्या जागी आता गवत, माणसाहून उंच,
आणि शेवटी पार्किंग.
माणशी पाच डॉलर, गाडीचे वेगळे.
"नुसतं बघायचे एवढे?" कुमुदवन्सं म्हणाल्या,
"मग घागर भरून न्यायची तर?"

केकोआ नावाच्या पोराने पावती फाडली,
वन्संच्या गुडघ्याकडे पाहिलं
आणि नकाशावर बोट ठेवलं: डावीकडून जा, पायऱ्या कमी.
प्रदक्षिणेची दिशा बरोबर येतेय,
म्हणत त्या निघाल्या,
नऊवारीखाली नातवाचे बूट.

बांबू एकमेकांना घासून करकरत होते
जुन्या पलंगासारखे.
सगळं ओलं. कठडासुद्धा.
दुसऱ्या वळणावर वन्सं थांबल्याच.

सोनटक्का.

एक-दोन गड्डे नव्हेत, उतारभर सोनटक्का,
कुणी लावलेला नाही, कुणी मोजलेला नाही.
बेळगावला त्यांच्या न्हाणीमागे एकच गड्डा होता,
दिवसाला दोन फुलं, बहिणी तीन.
त्या हिशेबाची भांडणं अजून मिटलेली नाहीत.

कोयता घेतलेली एक बाई खालून वर आली.
तण आहे हे, म्हणाली, उपटून उपटून हात गेले माझे.
पण तुम्ही तोडू नका, पाटीवर लिहिलंय.
मी वन्संना मराठीत सांगितलं.
"उपटायचं ते चालतं, तोडायचं ते नाही?"
त्या बाकावर बसल्या, रागावून.
"तू जा. मला इथून ऐकू येतोय."

मी गेले.

एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात मी पाणी मोजलं.
सकाळी आठ, संध्याकाळी पाच,
खांबावरचा आकडा, रजिस्टर, सही.
सवय अशी, की कठड्याला टेकताच मनात आलं: किती क्युसेक?
फार नाही.
आमच्या उजव्या कालव्याला उन्हाळी आवर्तनात
याहून जास्त सोडायचो
आणि बघायला कुत्रं यायचं नाही.

पण चारशे चाळीस फूट.
वरून सुटतं तेव्हा ते पाणी असतं,
खाली पोचतं तेव्हाही पाणी.
मधल्या वेळात काय असतं
त्याला आमच्या रजिस्टरात रकाना नव्हता.

तेवढ्यात एकाने हातात फोन दिला,
लग्नाला चार दिवस झालेले.
मग ओहायोचं मोठं कुटुंब, मग सारख्या टोप्यांचे दोन म्हातारे,
मग रांगच लागली.
धबधबा पूर्ण येऊ द्या, सगळ्यांचं एकच.
पूर्ण आणला की माणसं मुंगीएवढी,
माणसं नीट घेतली
की पाणी डोक्यावर तुऱ्यासारखं उभं.
अकरा फोटो काढले.
एका लहान मुलीने डोळे मिटलेले होते, तो मला बरा वाटला.

एका पाटीवर मासा होता, बोटाएवढा.
समुद्रातून परत येताना
पोटावरच्या चकतीने हा कडा धरून चढतो म्हणे,
थोडा चढतो, थांबतो, चढतो.
दोनदा वाचलं. ओल्या दगडाकडे बघत राहिले.
अर्थात दिसला नाही.

मागून काठी वाजली.
टक, मग बराच वेळ काही नाही, मग टक.
"तो थांबेना," वन्संनी धापा टाकत सांगितलं, "मग मीच आले."

कठडा दोन्ही हातांनी धरला.
वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग खालून वर.
लोकांनी जागा करून दिली.
खूप वेळाने माझ्याकडे वळल्या,
माझी नोकरी आठवूनच विचारत असाव्यात:
"रात्री बंद करता येतो का गं हा?"

"नाही."

"बरंय," म्हणाल्या, आणि पदर डोक्यावर घट्ट ओढला.
पाऊस नव्हता, वाराही फारसा नव्हता.
पण पदराखालून, अंबाड्याच्या बाजूने,
कसला तरी ओला गोड वास येत होता.
परतताना मी त्यांना विचारलं नाही.
केकोआनेही नाही.