पांढरी एक

मिक्सर माझा. म्हणजे दोन हप्ते अजून जायचेत,
पण फेडरवर बोटं माझीच.

सांगलीत, मार्केट यार्डात, हळदवाल्यांचा वर्धापनदिन.
सौद्याच्या शेडमध्ये थप्प्या मागे सारून स्टेज बांधलेलं.
सेक्रेटरीनं बोलावलं द्वारकाबाई लोंढ्यांना
आणि त्याच्या पोरानं, बापाला न विचारता,
कुपवाडच्या ‘गंज’ बँडला.
वेळ एकच. सात.

द्वारकाबाई ऐंशीला टेकलेल्या.
बायकांच्या नाटक मंडळीत फेटा बांधून नायक व्हायच्या,
मिशी स्वतःच्या हातानं चिकटवायच्या,
आणि बिनमाइकचे वन्समोअर घ्यायच्या
तासगावच्या तंबूत, पार मागच्या बाकापर्यंत.
ताहेर शिकलगार दिवसा लेथवर.
रात्री गळ्यातून पत्रा फाडतो.
(मला तो आवाज आवडत नाही. सांगून ठेवतो.)

ग्रीनरूम म्हणजे वजनकाट्याची खोली.
बाई काट्यावरच खुर्ची टाकून बसलेल्या.
काटा दाखवत होता, खुर्चीसकट एकावन्न किलो.
“तुझा सा कुठला रे?”
पोरगं गप्प. मग म्हणालं,
“आम्ही तारा उतरवतो, आजी. ड्रॉप सी.”
दिगंबर गुरवानं भाता हलवून एक पट्टी दाबली.
गिटारची जाड तार तिथंच येऊन थरथरली.
“पांढरी एक,” बाई म्हणाल्या. “माझीच की ही.
आधी काळी चार होती. वयानं उतरवली.
तुला रे कुणी उतरवायला लावली?”

तालमीला वेळ कुठला.
बाईंनी पद धरलं.
ड्रमवाल्याला केरवा सांगितलेला,
तो पहिल्या आवर्तनात दोनदा पडला.
तान सुरू झाली तसा मी आवाज वाढवला,
बाईंनी डोळ्यांनीच सांगितलं, खाली.
घेतला. अजून खाली. शून्यावर.
तरी येत राहिली, दोन गिटारींमधून,
गोणपाटातून दाभण निघावं तशी.

मी ताहेरच्या किंचाळीची वाट बघत होतो.
तो नुसता खालचा सा धरून उभा,
मान खाली, बापासमोर उभं राहावं तसा.
अंतऱ्यावर बाईंनी हात पुढं केला,
पात्राला वाक्य द्यावं तसा. बोल आता.
आणि त्यानं फाडला पत्रा.
बाई उजवा पाय पुढं, हात कमरेवर,
खलनायकाचं म्हणणं पुरतं ऐकून घेणाऱ्या नायकासारख्या.

व्यापारी घड्याळ बघत होते.
हमालांनी मात्र पोती बडवली.
हळद उडाली, दिव्यांत पिवळी पिवळी,
आणि दोघंही खोकायला लागले.

पाकीट एकच मंजूर होतं.
बाईंनी नोटांचे दोन वाटे केले, काट्यावर ठेवले,
म्हणाल्या, “बघ रे, सारखे आहेत का.”
काटा हललासुद्धा नाही.

रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे.
लोक मागतात, मी देतो.
मग फोन येतो, अहो, यात बाई कुठायत?
फेडर शून्यावर होता ना त्यांचा.
शेवटाकडं, ताहेरच्या माइकमध्ये, लांबून,
एक खोकला आहे.
तो त्यांचा.