फिती

छातीवर ३१७, चार पिनांनी टोचलेला.
बोपदेव घाटात कुणीतरी केळी वाटली,
गराड्याच्या शाळेपुढे शिट्टी झाली
आणि क्लबातले सगळे कपाळांवरचे दिवे
बांधाबांधाने लुकलुकत पुढे निघून गेले.

आता उजाडलंय.
मोज्यांत कुसळं. ज्वारी कमरेला लागते.
माझ्यामागे फक्त तनुजा भिंताडे.
तिचं काम, शेवटच्याच्या मागे राहायचं
आणि बोरीबाभळींना बांधलेल्या लाल फिती
सोडत सोडत यायचं.
वळून बघतो तर
आलो ती वाट उरलेलीच नाही,
नुसता डोंगर.

"सावकाश," ती म्हणते, "मला कुठं घाई आहे?"
तिचा खिसा फितींनी फुगलेला.

खिंडीत म्हशींमागून आलेले आजोबा
मला खालपासून वर न्याहाळतात.
"गाडी चुकली व्हय?
पळू नका, दुसरी नऊला हाय."
उत्तराएवढा दम नाही. हात हलवतो.

उतार. डावा गुडघा कुरकुरतो,
घरी कुणी कुरकुरावं तसा, ओळखीचा.

शेवटची फीत आंब्याला.
गाठीची निरगाठ झालीय, तनुजाची नखं हरतात.
मी थांबतो. मनगटावर घड्याळ पळतच राहतं.
दातांनी सोडवतो,
जिभेवर धूळ आणि काहीतरी तुरट.

शाळेपुढे मांडव उतरवतायत,
पोह्यांच्या पातेल्यात खरवड.
कुणीतरी ओरडतं, आला, आला!

तनुजा पायरीवर बसून फिती मोजते.
एकशे अकरा. पुन्हा मोजते.
"एक कमी भरतेय," म्हणते.

मी बुटांची नाडी सोडायला वाकतो.