यादीत नसलेली भाषा

अक्रात, सर्कलच्या पुलाखाली माझं दुकान:
एक छत्री, एक टेबल, लोहचुंबकाला चिकटलेले स्क्रू.
ओकाइजा आले. एकेकाळी जहाजावर स्वयंपाकी.
"कॉर्कॉर, हा फोन माझ्या डोळ्यांजोगा कर."

अक्षरं फुगवली, पेरूएवढी.
जुगार, बातम्या, कसलीशी गोळ्या फोडायची गंमत,
सतरा ॲप खरवडून काढली, माशाची खवलं काढावीत तशी.
पाठीवर दोन टिचक्या मारल्या की टॉर्च.

"आता याला बोलू दे."
यादी उघडली. बोट सरकवत राहिले.
आइसलँडची होती, कॅटलान होती,
इंग्रजीच पाच तऱ्हांची.
आमची गा नव्हती.
"अजून खाली बघ."
खाली काही नव्हतं. पडदा नुसताच उसळून परत आला.

मग जनरेटर जरा दम खाईपर्यंत थांबले
आणि एकेका नंबरची रिंगटोन माझ्याच आवाजात भरली:
मुलगी, हॅम्बुर्गहून.
धाकटा भाऊ. पैसेच मागेल.
दवाखाना. उचला.

एका नंबरला त्यांनी हात हलवला.
"तिचा राहू दे. ती आता करत नाही."
मी तरी भरलं.

पंधरवड्याने आले. शेजारीण विचारते म्हणे,
घरात ही कोण आणलीस, दिवसभर हुकूम सोडते!
खिशातून बटणांचा जुना फोन काढला.
"चार्ज होत नाही."
पिन बदलली. दिवा लागला.
तिथेच, स्टुलावर बसून, त्यांनी नंबर दाबला.

दुसऱ्या खिशातून मी म्हणाले:
देदेई. घरून.

उचलला नाही त्यांनी.
वाजून संपू दिला,
मग पुन्हा लावला.