कागदाएवढी फट

खोका उघडला की लगेच पळवायची नसते, शर्वाणी.
आधी बॅटरी. चार तास.
तू गाल फुगवून पायरीवर बसलीस,
पोदेराची सायकल आली, गेली,
हातातला पाव चहात विरघळला,
चार्जरचा दिवा लालच.

तोवर स्क्रू बघू म्हटलं.
कारखान्यातून येतं ते घट्टच असतं
असं फक्त विकणारा म्हणतो.
मी सावर्ड्याच्या गॅरेजात बावीस वर्षं
टिप्परांच्या पोटाखाली झोपलोय,
नवी गाडी सगळ्यात सफाईने खोटं बोलते.
हे बघ, मागच्या डाव्या चाकाचा नट
नुसत्या बोटाने फिरला.

लोखंडात लोखंड जातं तिथे
निळ्या औषधाचा एक थेंब.
प्लास्टिकला नको, तडकतं.

आता हे दोन दातेरी चाकं, एक धाकटं, एक थोरलं.
मधे वहीच्या कागदाची पट्टी धर.
(गणिताची वही कशाला फाडलीस?)
मोटर सरकव, आवळ,
चाक फिरवून पट्टी बाहेर काढ.
नागमोडी उमटली आणि फाटली नाही, म्हणजे जमलं.
फार जवळ आले तर दाते एकमेकांना खातात,
लांब गेले तर नुसतेच कचकचतात.
आतून मामी म्हणाली,
लग्नाआधी हे कुणी सांगितलं नाही आम्हाला.

दिवा हिरवा झाला.
चालू करताना आधी रिमोट, मग गाडी.
बंद करताना आधी गाडी, मग रिमोट.
उलटं केलंस तर ती कुणाचंही ऐकेल,
किंवा कुणाचंच नाही.

कपेलामागच्या मैदानावर ती डावीकडे ओढत होती.
तू म्हणालीस, बिघडली.
बिघडली नाही गं, तिला सरळ म्हणजे काय ते ठाऊक नाही.
हा छोटा खटका, उजवीकडे दोन टिचक्या.
आणि मग ती गेली,
कायतानची कोंबडी जांभ्याच्या गडग्यावर चढेपर्यंत गेली.

तिसऱ्या रविवारी मंदावली.
मोटरवर बोट ठेवलं,
तीन मोजायच्या आत उचललं.
घरी आणून टोपी उचकटली
तर आत चुंबकावर तांबूस-काळी लव,
मांजराच्या कानात असते तशी.
तू म्हणालीस, माती.
मी चिमटीत चोळली.
माती नव्हे. हा माल.

ट्रक थांबून इतकी वर्षं झाली,
पावसाळ्यांनी धुतलं, मैदानावर दोनदा गवत लावलं,
तरी माल तिथेच, सांडलेला,
आणि एवढंसं चुंबक त्याला बरोबर शोधून काढतं.

त्या वर्षी कुणीतरी आधी रिमोट बंद केला.
रस्त्यावर गाड्या चालूच होत्या,
भरलेल्या, एकामागे एक,
धक्क्यावर बार्जी तोंड उघडून उभ्या,
आणि आम्ही हातात पाने घेऊन
इंजिनांचा आवाज ऐकत राहिलो.
हे मी तुला सांगितलं नाही.
तू विचारत होतीस, जुना टूथब्रश आहे का.

आहे. पाणी मात्र लावायचं नाही.
ब्रशने दात्यांतला कचरा झाड,
चुंबक चिकटपट्टीने टिपून घे,
घाई नको, दहा-पंधरा वेळा लागेल.
बेअरिंगला शिवणयंत्राचं तेल,
एक थेंब; दुसरा थेंब धुळीचं जेवण.
बॅटरी काढून वेगळी ठेव.
टपाची हरवलेली पिन
मामीच्या केसांतून मिळाली आहे,
परत मागेल तेव्हा बघू.

रात्री पाहतो तर तू
चिकटपट्टीवरचं सगळं खरवडून
होमिओपॅथीच्या बाटलीत भरलेलं.
तळ जेमतेम झाकला होता.
विचारलंस, मामा, एक टिप्पर भरायला
असे किती रविवार लागतील?

मी वहीचं फाटकं पान घेतलं.
दहा टन. एका रविवारचं, धर, अर्धा ग्रॅम.
शून्यं लिहीत गेलो,
ओळ संपली, तू पान आडवं करून दिलंस.