मुळं चौकटीत असली तर

एन्डलानं चौकट टाकली.
चार लाकडी पट्ट्या, मीटर बाय मीटर,
आत दोऱ्यांच्या शंभर खिडक्या.
मी वही धरली, कारण कुरण आता माझं,
कागदोपत्री, फेब्रुवारीपासून.
त्याआधी आदूमामाचं होतं,
आणि खरं म्हणजे गायींचं.

"मांडी घालू नकोस," ती म्हणाली,
"मांडीखाली दहा-बारा जाती चिरडतात."
मग नाक मातीला टेकवून वाचायला लागली:
लुबिकास. नुर्मेनुक्क, फूल सरलेलं, पान आहे.
थरथऱ्या गवत.
फुलावरून कोणीही ओळखेल म्हणते,
खरी ओळख देठाशी: लव आहे का,
असली तर कुठल्या बाजूला निजलेली.

नियम एकच. मूळ आत असेल तर मोजायचं.
बाहेरून वाकून आलेलं पान कितीही देखणं असो,
पाहुणं.
एका रोपावरून आमचं थोडं वाजलं,
दोरी नेमकी त्याच्या मानेवर.
तिनं काडीनं माती उकरली, नखाएवढी,
पाहिलं, परत झाकली, थोपटली.
"आत."
मी लिहिलं. एकोणचाळीस.

मामाच्या वेळी याच चार खुंट्यांत एकसष्ट होत्या.
मामाला नावं चारच यायची:
गायीचं, चहाचं, औषधाचं, आणि नुसतंच.
एकसष्ट त्यानं राखल्या, न मोजता.
जुलैत रोबिहेइनचं बोंड कानाशी हलवायचा.
बी आत खुळखुळलं तरच कापणी,
तोवर शेजाऱ्यांचं गवत गंजीत गेलं तरी चालेल.
आणि कापलेलं सगळं उचलून न्यायचा, काडी न काडी.
म्हणायचा, जमिनीला लाड सोसत नाहीत.

मला ते कंजूषपणाचं वाटायचं.
बोटभर माती, खाली चुनखडी,
तिच्यावरून पुन्हा वर्षाला गाडाभर उचलायचं!
पण खाडीकडच्या पट्ट्यावर एकदा,
सामूहिक शेतीच्या दिवसांत, पोत्यांनी खत पडलं.
तिथं आज गवत छातीला लागतं.
एन्डलानं तिथंही चौकट टाकली. अठरा.
पोट भरलं की दोघं-तिघं उंच होतात
आणि बाकीच्यांचं ऊन खातात,
एवढंच, ती म्हणाली, फारसं गूढ नाही.

आणि तीन उन्हाळे कोणी कापलंच नाही तर?
तेही समोर होतं. मामाचे गुडघे गेले,
ओढ्याकडून अंगेर्वाक्स चढून आलं,
पांढरं, गोड वासाचं, मधमाशांनी भरलेलं.
पाहणारा म्हणेल, काय सुंदर.

दुपारी तिनं वही उलटी करून मागून दुसरी यादी सुरू केली.
इथं असू शकल्या असत्या, आणि नाहीत.
दहा कोसांत आहेत, ही माती चालते, ही थंडी चालते,
फक्त पोचल्या नाहीत, किंवा पोचून टिकल्या नाहीत.
अंधारातली विविधता म्हणतात तिला.
ही यादी पहिलीपेक्षा लांब झाली.

"आणि ज्या आहेत पण आपल्याला दिसल्याच नाहीत?"
त्यांचाही अंदाज बांधता येतो म्हणे.
शंभर खिडक्यांत एकदाच भेटलेल्या किती, ते बघायचं.
एकदाच भेटलेल्या पुष्कळ असल्या
तर न भेटलेल्याही पुष्कळ.
मी मोजल्या. सात.
मामाला मी मोठेपणी किती वेळा भेटले
तेही उगाच मोजलं. ते वहीत नाही.

संध्याकाळी पट्ट्या गुंडाळताना
चौकटीबाहेर, वीतभर अंतरावर,
एक रोबिहेइन दिसलं. एकटंच.
मोजता येणार नव्हतं.
कानाशी नेऊन हलवलं: आधी डास,
मग डास गेला, तरी काही नाही.
"आठवडा लागेल," एन्डला म्हणाली, न पाहता.

उभ्यानं चालवायचा तो लांब विळा
गोठ्याच्या आढ्याला टांगलेला आहे.
पातं ठोकून पातळ कसं करतात
ते पलीकडच्या तोन्नला विचारायला हवं.
तो फार बोलत नाही. उद्याच जावं.