मोड

शिवरात्रीची ठंडाई झाली, शेजारी गेले,
भांगेच्या पुडीत तळाशी राहिले सात दाणे.
मिऱ्याहून लहान, पण अंगावर नक्षी,
कासवाच्या पाठीवर शाई सांडून
कुणी घाईत पुसावी तशी.
टाकवेना.

मी धनंजय बोंद्रे, वय त्रेपन्न,
सुदामा नगर, दुसरा मजला,
एमवायला एक्स-रे काढतो.
आजवर पुदिन्याची काडीसुद्धा खोवलेली नाही मातीत.
तुळस आहे ती शुभदाची,
आणि तिचं माझं फारसं बोलणं नाही.

कापूस भिजवला, पिळला, दाणे निजवले,
वर दुसरा कापूस, जखमेवर घालतात तसा हलका.
स्टीलचा डबा सेट-टॉप बॉक्सवर ठेवला, उबेला.
"काय आहे?"
"मटकी."
"सात दाणे?"
"प्रयोग आहे."
शुभदा सिरीयल बघत राहिली.
खाली कुणाचं तरी लग्न मोडत होतं,
वर काहीच होत नव्हतं.

पहिला दिवस काही नाही.
दुसरा दिवस काही नाही.
दिवसभर लोकांना सांगत होतो,
सांस लो, रोको, हिलना मत,
आणि घरी येऊन झाकण उघडताना
माझाच श्वास अडकायचा,
छोड़ो म्हणायला कुणी नसायचं.

तिसऱ्या रात्री, अडीच वाजता,
मोबाईलच्या उजेडात दिसली
एक फट. केसाएवढी.
अशी रेघ मला कुठेही ओळखू येते.
क्रिकेट खेळून आलेल्या पोराच्या मनगटात,
न्हाणीत घसरलेल्या मावशींच्या खुब्यात,
पेन्सिलीचं टोक टेकवून डॉक्टरांना दाखवतो मी,
सर, इथे.
अठ्ठावीस वर्षं त्या रेघेने वाईटच बातमी आणली.
आणि आता हिच्यातून पांढरं टोक
बाहेर डोकावत होतं,
दाढेच्या कोंबासारखं, बेशरम.

मोडणं आणि मोड येणं.
एकाच गल्लीत राहतात हे दोघे,
मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं.
अडीच वाजता. कुणाला सांगणार?

चार फुटले, तीन दगडच राहिले.
दह्याच्या कुल्हडात माती भरून एकेक पुरला.
एक मी उलटा लावला, मूळ आभाळाकडे.
दोन दिवसांत तो स्वतःच वळला,
काही न बोलता.
दोन कुजले, पाणी जास्त झालं,
माझी मायाही त्यात असेल.
त्या उलट्याला मुंगळ्यांनी नेलं.
उरला एक. टरफलाची टोपी डोक्यावर तशीच,
मांडवात सासरे सांभाळतात तशी,
मग तीही गळली.
दोन गोल पानं आली. साधी.
कुठल्याही मुळ्याची असतात तसली.

पुढच्या पानाला दाते होते.

रेवा वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला आहे.
कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली
आणि चिमटा तोंडात धरूनच थांबली.
"बाबा, ही मटकी नाही."
"नसेल."
"कलम वीस."
मी म्हटलं, अगं, पान तर दुकानात मिळतं,
सरकारी ठेक्याची पाटी असते वर.
"पान चालतं. झाड लावणं चालत नाही."
मग पान येतं कुठून?
"हे कोर्टात विचारू नका," म्हणाली,
फोटो काढला, बघितला, पुसून टाकला.
मग बराच वेळ उकिडवी बसून
त्याच्याकडेच बघत होती.

सकाळी कचऱ्याची गाडी आली, गाणं लावून.
मी कुल्हड घेऊन खाली उतरलो,
दोन बोटांत धरून ओढलं.
वर चिमूटभर हिरवं,
आणि खाली मूळ, येतच राहिलं,
चार बोटं, पाच बोटं,
कुल्हडाच्या तळाला वेटोळं घालून बसलेलं.
रोज माणसं आरपार बघणारा मी,
मला हे दिसलं नव्हतं.

"भिया, गीला के सूखा?"
गाडीवरच्या पोराने विचारलं. रांग लागली होती.
मी म्हटलं, गीला.
"और ये कुल्हड?"

तो मी परत वर आणला.