रिकाम्या जागा भरा

सित्रामधला सप्टेंबर. काचेला आतून गारवा, बाहेरून घाम.
टाक्यांच्या पलीकडे समुद्र आहे म्हणतात,
सकाळपासून तरी दिसलेला नाही.

जासिम अल-अस्फूर यांनी जाड फाइल माझ्यापुढे सरकवली:
संकट आलं तर कोणी, कधी, काय बोलायचं.
आठ वर्षांत कोणी उघडलेली नाही.
पहिल्या पानावरच्या तीन साहेबांपैकी
एक निवृत्त, एक कॅनडात,
आणि तिसऱ्याचा नंबर फिरवला की
मनामातलं फुलांचं दुकान लागतं.

मी निवेदनं लिहायला घेतली, चौथीच्या पेपरासारखी.
आज ____ वाजता ____ विभागात ____ घडले.
____ कामगारांना ____.
अरबी, इंग्रजी, हिंदी, मल्याळम, बंगाली, नेपाळी.
सहाही भाषांत रिकाम्या जागा तेवढ्या सारख्या.
मराठीत लिहून पाहिलं तेव्हा क्रियापदाशी अडले:
'ते आमच्याकडे काम करत' इथवर ठीक,
पुढे आहेत, की होते?

'आम्हाला अजून माहीत नाही' या वाक्यावर
वकिलाने लाल रेघ मारली. कंपनी अडाणी वाटते, म्हणाला.
मी ते परत लिहिलं. त्याने परत मारली.
तिसऱ्या खेपेला जासिम म्हणाले, राहू द्या.
माझा भाऊ सापडत नव्हता त्या रात्री
आम्हाला एवढंसुद्धा कोणी सांगितलं नव्हतं.
मग चष्मा पुसत बसले.

मग याद्या. टाइमकीपर यूनुस मुकादम, दापोलीचा.
प्रत्येक नावापुढे घरचा फोन.
'यातले अर्धे मेलेत मॅडम,' म्हणाला,
आणि जीभ चावून: 'नंबर. नंबर म्हणतोय मी.'

मराठी घरं माझ्या वाट्याला आली. एकोणीस.
चौथं: अनंत खांबे, वेल्डर. पत्नी प्रमिला. तालुका मंडणगड.
इथे दहा, तिथे साडेबारा. मागे कुकर.
'नमस्कार, बहरीनहून बोलतेय, अनंत यांच्या कंपनीतून.'
आणि मी श्वास घेतला. एवढाच, एक.

एक शिट्टी झाली.
दुसरी झाली.
तिसरीला कुणी पोर म्हणालं, 'आई, गॅस.'

अहो, बरे आहेत ते, नंबर तपासतेय फक्त, बरे आहेत,
हे किती वेळा म्हटलं, आठवत नाही.
बऱ्याच वेळाने ती म्हणाली, 'मग ते आधी सांगायचं ना बाई.'
फोन मात्र ठेवला नाही.
'जेवलेत का?'

'अजून माहीत नाही,' मी म्हटलं. 'विचारून कळवते.'

कळवणे. इतकी वर्षं हा शब्द कागदावर लिहिला,
त्यात कळ आहे हे आज कानाला लागलं.

हेल्मेट घालून वर्कशॉपपर्यंत चालत गेले.
खांबेंनी मला येताना पाहिलं, ठिणग्या थांबल्या,
मास्क वर गेला, आणि चेहरा
तिच्या त्या दोन शिट्ट्यांमधल्या शांततेसारखा.
या वेळी चुकले नाही.
लांबूनच ओरडले, 'घरी सगळं ठीक आहे!'
मग श्वास. मग नमस्कार.
डबा अजून उघडला नव्हता. भेंडी होती. तसं कळवलं.

संध्याकाळी यादीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
नंबर चालू. साडेबाराला करू नये, कुकर असतो.
आणि फाइलच्या पहिल्या पानावर, साहेबांच्या नावांच्याही वर:
माणूस बरा असेल तर ते आधी सांगा.
कंपनीचं नाव नंतर. तुमचं त्याच्याही नंतर.

त्याखाली 'नसेल तर' असं लिहून
दोन बोटं जागा सोडली आहे.
गुरुवारी सराव आहे, भोंगा वाजेल, यूनुस घड्याळ लावेल,
पान त्याआधी द्यायचं आहे.
रोज उघडते, बघते, मिटते.

वकिलाकडेही जाऊन आलं ते पान.
त्याला मारायला काही सापडलं नाही.